गोधडीसाठी एकरंगी सुती कापड: दुकानात काय पाहायचं, घरी काय करायचं

फुलाफुलांचं कापड सोशिक असतं. विणीतली गाठ, रंगाचा पुसट पट्टा, जराशी वाकडी गेलेली टीप, सगळं नक्षीत खपून जातं. एकरंगी कापडात यातलं काहीच लपत नाही. दोन प्लेन चौकोन शेजारी शेजारी जोडले आणि त्यातला एक जाड, एक विरविरीत असला, तर शिवण तिथेच गोळा होते आणि ते दारातून येणाऱ्यालाही दिसतं.

जुन्या साड्या-धोतरांची गोधडी किंवा वाकळ शिवणाऱ्यांना हा प्रश्न नसतो. ते कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा जायचा तो रंग कधीच गेलेला असतो. हा लेख आहे तो पहिल्यांदाच नवं कापड विकत घेऊन तुकडेजोड करणाऱ्यांसाठी. यूट्यूबवरच्या बाई ‘क्विल्टिंग कॉटन घ्या’ म्हणून मोकळ्या होतात, आणि आपल्या गल्लीतल्या दुकानदाराला तो शब्द सांगितला की तो पडद्याचं कापड काढून दाखवतो.

माझं म्हणणं एवढंच की आधी पोत जमवा, रंग नंतर. नवशिक्या माणसाचं नेमकं उलटं होतं, कारण दुकानात डोळ्यांत भरतो तो रंग.

१. हाताने शिवणार की मशीनवर, हे आधी ठरवा

धावदोऱ्याने हाताने शिवायचं असेल तर मऊ, सुई सहज जाईल असं कापड हवं. घट्ट विणीच्या कापडातून तीन थर ओवताना तासाभरात बोट दुखायला लागतं. मशीनवर शिवायचं असेल तर थोडं अंग असलेलं, कापताना न सरकणारं कापड बरं. तुकडे मशीनवर जोडून वरचा धावदोरा हाताने घालणार असाल, तर मधलं काहीतरी. हे ठरवल्याशिवाय दुकानात गेलात तर दुकानदार ठरवेल.

२. कापडाची नावं आणि त्यांचे स्वभाव

प्लेन सुती कापड मिळण्याची आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा म्हणजे मॅचिंग सेंटर. ब्लाउजसाठी साडीला रंग जुळवून देणाऱ्या या दुकानांत एका रंगाच्या पाच-सहा छटा सहज मिळतात. अडचण एकच, तिथे एकाच रंगात चार वेगवेगळ्या जातींची कापडं असतात आणि कपाटात ती सारखीच दिसतात.

पॉपलीन: मशीनच्या गोधडीसाठी माझी पहिली पसंती. उभे धागे दाट, आडवे थोडे कमी, त्यामुळे अंगाला घट्ट आणि कापायला सरळ. इस्त्रीची घडी छान धरतं. परकराचं पॉपलीन आणि शर्टाचं पॉपलीन यांत मात्र फरक असतो. परकराच्या पॉपलीनमध्ये अगदी विरळ प्रकारही मिळतात, म्हणून नावावर जाऊ नका.

केंब्रिक: पातळ, मऊ, हातशिलाईला उत्तम. फिक्या रंगांत मागचं दिसतं, एवढं लक्षात ठेवा.

टू बाय टू, म्हणजेच रुबिया: उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी पिळाचे, म्हणून हे नाव. ब्लाउजला छान, रंगांची चंगळ. पण गोधडीला पातळ पडतं, आणि रुबियाच्या नावाखाली पॉलिस्टर मिसळलेला मालही भरपूर विकला जातो.

अस्तर: नवशिक्यांचा पाय इथेच घसरतो. रंग हवा तो, किंमत कमी, हाताला कडक लागतं म्हणून दणकट वाटतं. तो कडकपणा खळीचा असतो. धुतल्यावर जाळी उरते आणि रंगही बहुधा कच्चा निघतो. गोधडीच्या दर्शनी बाजूला अस्तराचं कापड वापरू नका.

ग्लेझ कॉटन: चमक आणि कडकपणा दोन्ही वरवरचे. काही धुण्यांत उतरतात. खालचं कापड बरं असेल तर घ्यायला हरकत नाही, पण चमक पाहून घेऊ नका.

शीटिंग: चादरीचं कापड. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोठा, त्यामुळे मागच्या बाजूला सोयीचं. अंग चांगलं असतं.

मांजरपाट: न धुवट, जाडंभरडं, त्यात सरकीचे बारीक काळे ठिपके. आतल्या थराला चालतं, पण आधी दोनदा धुवून खळ काढायलाच हवी.

खादी: दिसायला सुंदर आणि वापरून आणखी सुंदर होणारी. हातसुताचा धागा कमीजास्त असतो, कडा फार उसवतात, आणि आटतेही बरीच. पहिल्या गोधडीला नको, तिसरीला जरूर घ्या. गांधीजयंतीपासून खादी भांडारांत सूट असते, तेव्हा मीटरच्या मीटर घेऊन ठेवता येते.

याखेरीज एक प्रकार मुद्दाम सांगण्यासारखा आहे: धूपछाव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. लांबून एकरंगी दिसतं, जवळून झळाळतं. मोहात पडा, पण एक पथ्य पाळा. प्रत्येक तुकड्यावर मागच्या बाजूने खडूने उभ्या धाग्याची दिशा मांडून ठेवा. एकाच कापडातून कापलेला चौकोन नव्वद अंशांत फिरवला तर वेगळ्या छटेचा दिसतो. मुद्दाम तसा फिरवला तर गंमत येते, नकळत फिरला तर डाग पडल्यासारखा दिसतो.

३. काउंट, धागे आणि वजन

तागा विकणाऱ्या ठोक दुकानात तुम्हाला ‘साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी’ अशी भाषा ऐकू येईल. पहिली जोडी सुताच्या काउंटची, दुसरी एका इंचात किती उभे आणि किती आडवे धागे बसले आहेत त्याची. काउंटचा आकडा मोठा म्हणजे सूत बारीक. त्यामुळे साठ काउंटचं कापड चाळीस काउंटच्या कापडापेक्षा ‘भारी’ असलं तरी जाड नसतं, उलट पातळ असतं. वर दिलेला आकडा केंब्रिकचा आहे. चाळीस काउंटच्या पॉपलीनमध्ये इंचाला उभे १३२ आणि आडवे ७२ धागे ही एक नेहमीची जात.

अमेरिकेत गोधडीसाठी जे एकरंगी कापड वापरतात, उदाहरणार्थ कोना कॉटन, त्यात इंचाला साधारण ६० उभे आणि ६० आडवेच धागे असतात, पण सूत जाड असतं. चौरस मीटरला वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. आपलं साठ काउंटचं केंब्रिक त्याच्या निम्म्याने भरतं. यूट्यूबवरचा नमुना केंब्रिकमध्ये शिवला की लुळा का पडतो, ते यावरून कळेल. तिकडच्या कापडाच्या जवळ जाणारं आपल्याकडे शीटिंग किंवा अंगाने भरलेलं पॉपलीन.

घरी ताळा करायचा असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ४४ इंची पन्ह्याचं एक मीटर कापड धुवून, वाळवून ठेवा. ११५ ते १७० ग्रॅम भरलं तर मशीनच्या गोधडीला उत्तम. ८०-९० भरलं तर हातशिलाईला ठेवा. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर अशी दोन वजनं घेतली तर त्यातली खळ किती होती तेही समोर येतं.

एकाच गोधडीतली सगळी कापडं शक्यतो एकाच वजनाची, एकाच विणीची असू द्या. रंग एका दुकानात सगळे मिळाले नाहीत तर दुसऱ्या दुकानात त्याच जातीचं कापड शोधा. त्याच रंगाचं दुसऱ्या जातीचं उचलू नका.

४. दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

- पांढरा स्वच्छ सुती रुमाल
- पाण्याची छोटी बाटली
- मोजपट्टी
- आधी घेतलेल्या कापडांचे काड्यापेटीएवढे तुकडे, सेफ्टी पिनमध्ये ओवून
- ज्यावर हिशेब केलाय तो कागद (तो कसा करायचा ते सातव्या पायरीत आहे)
- मोबाइल, कॅमेऱ्यासाठी

शक्यतो दुपारी जा. दिवेलागणीनंतर निळ्या-जांभळ्या आणि काळ्या-नेव्ही रंगांची फसगत ठरलेली. आणि लग्नसराईत मॅचिंग सेंटरला जाऊन ताग्याचं निरीक्षण करायला बसू नका, दुकानदाराला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो.

५. ताग्यासमोर उभं राहून करायच्या चाचण्या

चुरगाळणं. कापडाचा कोपरा मुठीत धरून पाच-सहा वेळा जोरात चोळा, मग झटका. पांढरी पूड उडाली किंवा चोळलेला भाग एकदम लुळा पडला तर खळ भरपूर आहे. शुद्ध सुती कापडावर सुरकुत्या पडणारच. एकही पडली नाही तर पॉलिस्टरचा संशय घ्या.

उजेडात धरणं. एकच पदर दाराच्या उजेडात धरा. धागे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. कुठे दाट, कुठे विरळ असे पट्टे दिसले तर पुढचा तागा मागा. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोजपट्टीसकट फोटो काढला तर एका सेंटिमीटरमधले धागे मोजताही येतात. उभे-आडवे दोन्ही मिळून पन्नासच्या खाली असतील आणि सूतही बारीक असेल तर ते कापड उसवणार. सूत जाड असेल तर एवढे धागे पुरतात.

तिरपं ओढणं. कापड उरेबमध्ये, म्हणजे कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, दोन्ही हातांनी ताणा आणि सोडा. परत जागेवर आलं तर वीण बरी. ताणलेल्या जागी धागे सरकून फट राहिली तर शिवणीवरही तशीच फट पडेल.

रुमाल. आधी कोरड्या रुमालाने दहा-पंधरा वेळा घासा. कोरड्या रुमालावर रंग आला तर विषय संपला, ठेवून द्या. मग रुमालाचा दुसरा कोपरा ओला करून घासा. गडद लाल, मरून, काळा, नेव्ही, बॉटल ग्रीन यांत ओल्या रुमालावर पुसट छटा येणं अगदीच वावगं नाही, तो वरचा जादा रंग असतो. रुमाल रंगून निघाला तर मात्र घेऊ नका. आंब्याच्या दिवसांत रुमाल पिवळा दिसला तर आधी आपला हात तपासा.

घडी. तागा मधोमध दुमडलेला असतो, आणि कपाटात वर्ष काढलं की त्या घडीवर उन्हाने, धुळीने फिका पट्टा उमटतो. छापील कापडात तो दिसत नाही, एकरंगीत धुऊनही जात नाही. म्हणून कापड पूर्ण पन्ह्याने उलगडून दाखवायला सांगा. किनारीजवळची छटा आणि मधली छटा सारखी आहे ना, हेही तेव्हाच पाहा. किनारीला टोचल्यासारख्या बारीक भोकांची रांग असेल तर घाबरू नका, कारखान्यात कापड ताणून वाळवताना ती पडते. तेवढा अर्धा इंच हिशेबातून वजा धरा.

प्रश्न नीट विचारणं. ‘कॉटन आहे का?’ या प्रश्नाला जगातला कुठलाही दुकानदार ‘प्युअर आहे ताई’ असंच म्हणेल. ‘यात पॉलिस्टर किती टक्के आहे?’ असं विचारा. उत्तर द्यायच्या आधी तो जेवढा थांबतो, त्यावरून बरंच कळतं.

खात्री हवीच असेल तर पाव मीटर घेऊन घरी चार धागे काढा आणि चिमट्यात धरून जाळा. मोरीत किंवा ओट्याच्या सिंकमध्ये, लहान मुलं जवळपास नसताना. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख उरते, बोटांनी चुरता येते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. राखही आहे आणि मणीही आहे, तर मिश्रण आहे. मिश्र कापडाची शिवण इस्त्रीने सपाट बसत नाही, काही महिन्यांत गोळे धरतात आणि उन्हाळ्यात ती गोधडी कोणी अंगावर घेत नाही.

कापड देताना बहुतेक दुकानदार पॉपलीन कात्रीने न कापता टर्रकन फाडून देतात. वाईट वाटून घेऊ नका, फाडलेलं कापड धाग्याला सरळ असतं, जे कात्रीच्या बाबतीत सांगता येत नाही. फक्त फाटलेली कड अर्धा इंच ताणलेली असते, ती कापण्याआधी काढून टाका.

६. रंग

आता रंग. राणी, आमसुली, चिंतामणी, अबोली, डाळिंबी, शेवाळी, मोरपंखी: मॅचिंग सेंटरमध्ये हे सगळे एकदम समोर आले की चार रंग घ्यायला गेलेला माणूस अकरा घेऊन येतो. यावर उपाय म्हणजे निवडलेली कापडं काउंटरवर एकावर एक सरकवून ठेवा, फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळे सारख्याच करड्या रंगाचे दिसले तर नमुना उठणार नाही, मग रंग कितीही वेगळे असोत. राणी आणि मोरपंखी कितीही भांडत असले तरी बहुधा या फोटोत जुळे दिसतात. एखादा अगदी फिका आणि एखादा अगदी गडद हवाच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांनी शिवलेल्या जुन्या गोधड्यांचे फोटो या निमित्ताने जरूर पाहा. छापील कापड नाहीच, नुसती गडद एकरंगी, आणि मोठे साधे आकार. कमी रंगांत किती करता येतं ते तिथे दिसतं.

एकच रंग पुन्हा आणायची वेळ येणार असं वाटलं तर आत्ताच जास्त घ्या. रंगाच्या प्रत्येक घाण्यात, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालात, छटा थोडी बदलते. ‘तोच नंबर आहे’ असं दुकानदार सांगेल आणि ते खरंही असेल, तरी शेजारी ठेवल्यावर फरक दिसेल.

७. किती घ्यायचं

उदाहरण घेऊ. सिंगल बेडसाठी ६० बाय ९० इंच, शिवून झाल्यावर ५ इंचाचे चौकोन. म्हणजे आडवे १२, उभे १८, एकूण २१६. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, धरून प्रत्येक चौकोन साडेपाच इंचाचा कापायचा. सहा रंग घेतले तर प्रत्येकी ३६.

४४ इंची पन्ह्यातून किनार आणि आटणं वजा जाता साधारण ४२ इंच उरतात, एका पट्टीत ७ चौकोन. ३६ चौकोनांना ६ पट्ट्या, म्हणजे ३३ इंच लांबी. आटणं आणि कडा धरून रंगाला एक मीटर घ्या. ३६ इंची पन्ह्यात एका पट्टीत जेमतेम ६ बसतात, मग मीटरभरात शिल्लक काहीच राहत नाही, तिथे सव्वा मीटर बरं. तयार ब्लाउजपीसवर हिशेब करत असाल तर ८० सेंटिमीटरच्या पिसातून ३६ चौकोन निघत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या.

बाळाच्या ४० बाय ४० इंची दुपट्याला असेच ६४ चौकोन लागतात. चार रंग, प्रत्येकी अर्धा मीटर.

मागच्या बाजूला ५८ इंची पन्ह्याचं कापड पाहून लोक खूश होतात. धुतल्यावर ते ५५-५६ वर येतं आणि मागचं कापड चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त लागतं. म्हणजे ६० इंच रुंद गोधडीला जोड आलाच. जोड नको असेल तर ९० इंची शीटिंग अडीच-पावणेतीन मीटर घ्या. मगजीला, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीला, पाऊण मीटर वेगळं काढून ठेवा, ते नेहमी विसरतं.

परदेशी नमुन्यांत ‘फॅट क्वार्टर’ लिहिलेलं असतं. तो १८ बाय २२ इंचाचा तुकडा असतो. आपल्याकडे त्याच्या जागी अर्धा मीटर घेतलं की काम भागतं.

ऑनलाइन घेणार असाल तर आधी नमुन्याचे तुकडे मागवा. पडद्यावरचा रंग हा अंदाज असतो. वर्णनात ‘कॉटन ब्लेंड’, ‘कॉटन फील’ असे शब्द असतील तर पुढे वाचायची गरज नाही.

८. घरी आल्यावर धुणं

तिकडच्या शिवणाऱ्यांत कापड आधी धुवावं की नाही यावर वाद चालतात. आपल्याकडे मिळणाऱ्या मालाला हा वाद लागू नाही. धुवा. साधं सुती कापड तीन ते पाच टक्के सहज आटतं, आणि सहा रंग सहा प्रमाणांत आटले की शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यात पापडासारखी वाकडी होते. किनारीवर ‘सॅनफोराइज्ड’ असा छाप असेल तर ते कारखान्यातच आटवलेलं असतं, तरी रंगासाठी एकदा धुवाच.

चारी कोपरे तिरपे छाटून टाका, धुताना धागे कमी सुटतात. प्रत्येक गडद रंग वेगळ्या बादलीत भिजवा.

आता मिठाच्या पाण्याबद्दल. ‘रंग पक्का करायला मिठात भिजव’ हा सल्ला प्रत्येक घरात आहे आणि रंगलेल्या कापडाला त्याचा उपयोग होत नाही. रंगाईच्या वेळी मीठ वापरतात हे खरं, ते रंग धाग्याकडे ढकलायला. पण धाग्याला न चिकटलेला जादा रंग घरच्या मिठाने चिकटत नाही, फक्त थंड पाण्यात थोडा वेळ दबून राहतो. तो काढूनच टाकावा लागतो. कडकडीत पाणी, जराशी धुण्याची पावडर, अर्धा तास, मग खळबळून ओतून द्यायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटच्या पाण्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा टाकून ठेवा, तो पांढराच राहिला तर काम झालं. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी रंगत असेल तर त्या कापडाच्या पिशव्या शिवा.

वाळवताना सावली. किंचित ओलं असतानाच इस्त्री करा आणि इस्त्री फिरवण्याऐवजी ठेवून उचला, नाहीतर कापड तिरपं ताणलं जातं.

९. कापायला घेण्याआधी

प्रत्येक रंगाचे दोन चौकोन कापून, ते जोडून, शिवणीवर इस्त्री मारून पाहा. मशीनला ११ किंवा १४ नंबरची सुई लावा. शिवण सपाट बसली, माया उसवली नाही, फिक्या तुकड्याखालून गडद माया दिसली नाही, म्हणजे कापड जमलं. माया दिसत असेल तर ती गडद रंगाकडे दुमडा. तेवढ्याने भागलं नाही तर फिकं कापड फार पातळ आहे, ते बदला. आत्ता बदललं तर मीटरभर वाया, सगळे चौकोन कापल्यावर बदललं तर सगळंच.

एकरंगी कापडाची सुलट-उलट सारखीच दिसते, त्यामुळे कापताना पुष्कळ मोकळीक मिळते. ग्लेझ, धूपछाव किंवा जराशीही चमक असलेल्या कापडाला मात्र मागच्या बाजूने खडूची खूण करा. राहिलेल्या किनारीच्या पट्ट्यांवर दुकानाचं नाव, कापडाची जात आणि धुतल्यावरचं वजन बॉलपेनने लिहा आणि वहीला टाचून ठेवा. पुढच्या खेपेला काउंटरवर ती वहीच उघडायची.